एकतीस घरांचा अंगठा

१६ एप्रिल, बुधवार

तीन वर्षांनी ही वही परत काढली. रेल्वेत खातेनिहाय चौकशा करत होते तेव्हा कामाचं सरकारी कागदावर आणि मनातलं या वहीत, अशी माझी शिस्त होती. निवृत्त झाल्यावर मनातलं असं काही उरलं नाही. भाजी काय करायची एवढंच.

आज पत्र आलं. 'श्रीमती भाग्यश्री गोजर, आसनगाव' असं छापील. ग्रामपंचायतींविरुद्धच्या तक्रारी बाहेरच्या, निवृत्त, कुणाशी देणंघेणं नसलेल्या माणसांकडून तपासून घ्यायच्या असं वरच्या कार्यालयाने ठरवलं आहे. त्यांच्या यादीत मी नाव दिलं होतं. पहिलंच प्रकरण माझ्याकडे आलं. हे म्हणाले, "चला, आता माझ्या आमटीची चौकशी तरी थांबेल." यांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली, अजून घर म्हणजे डेपो असल्यासारखे बोलतात.

गाव वेळूशेत, मुरबाडच्या पुढे सिद्धगडाच्या अंगाला. त्यातला बोंडारपाडा. अख्ख्या पाड्याला विहीर एक. तक्रार अशी की विहिरीत औषधाची पावडर वर्षभर कुणी टाकलेली नाही, पावसात माळावरचं शेणपाणी सगळं आत उतरतं, गेल्या आषाढात जुलाबाने सात वर्षांची एक मुलगी गेली, तेव्हा यंदा पाऊस लागायच्या आत बंदोबस्त करावा. खाली एकाचंही नाव नाही. नुसते अंगठे, आणि प्रत्येकाखाली घर एक, घर दोन, असं घर एकतीसपर्यंत.

ही काही तक्रार करायची रीत नव्हे. तरी मी नियमाप्रमाणे एक प्रत ग्रामपंचायतीला म्हणणं मांडण्यासाठी पाठवते आहे आणि भेटीची तारीख आठ दिवस आधी कळवते आहे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी आयुष्यात निष्कर्ष काढलेला नाही.


२८ एप्रिल, सोमवार

दमले आहे, पण दिवस कामी लागला.

एसटीनेच जायचं ठरवलं होतं. किन्हवलीवरून सरळगाव, तिथून मुरबाड, मग वडाप. पण गुडघा कालपासून धरला होता आणि नेमका ग्रामसेवक अक्षय याचा सकाळी फोन आला की गाडी आसनगावलाच येते आहे. मी आधी नको म्हटलं. मग म्हटलं, गाडीत बसल्याने माझं मत थोडंच बदलणार आहे. मुलगा वागायला फार चांगला. विहिरीपाशी ऊन होतं तर सगळा वेळ माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा होता.

आधी दप्तर पाहिलं. पावडरचं रजिस्टर इतकं नीटनेटकं की मला माझ्या जुन्या कार्यालयाची आठवण झाली. रोज विहिरीत पावडर टाकायचं काम मंगळ्या नावाच्या माणसाकडे आहे, तो रोज सही करतो. एक ते तीस, एप्रिलचा एकही रकाना मोकळा नाही. फोटो काढून घेतला.

मग पाड्यावर गेलो. विहीर वीस पावलांवर असतानाच पावडरचा वास आला. पाण्यात पावडर असली की चाचणीच्या थेंबांनी ते पिवळं होतं; नळीत पाणी घेऊन थेंब टाकले तर पिवळं काय, नारिंगीच व्हायला आलं. मंगळ्या अवघडून उभा होता. मी विचारलं, पावडर असते का पुरेशी? म्हणाला, "गोन कालच आली, मॅडम." म्हणजे साठा ताजा आहे. तेही लिहून घेतलं.

तिथे पाणी शेंदणारी जना नावाची बाई होती, नाकाला पदर लावून. तिला मी सरळ विचारलं, "वास येतो ना पावडरचा?"

"आज येतो."

"येतो ना?"

तिने अक्षयकडे पाहिलं. "येतो."

तक्रारदारांपैकीच एकीने मान्य केलं म्हटल्यावर आणखी काय हवं. बाकी बायका काही बोलल्या नाहीत. सांगण्यासारखं काही असतं तर बोलल्या असत्या.

एक गोष्ट मात्र छान दिसली. अलीकडेच लग्न झालेल्या एका घराच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे हात उठवले होते. ओळीने, सगळे एकाच मापाचे. सवयीने मोजले, एकतीस भरले. पाड्यात राहती घरं तीसच आहेत, तीही मी मोजली होती. तिथे धोंडूबाई म्हणून म्हातारी बसली होती. ती इथली धवलारीण, म्हणजे लग्नात गाणी म्हणून सगळे विधी करणारी बाई. तिला विचारलं, हात एक जास्त कसा?

"घरटी एक हात. लगीन काय एका घरचा नसतो, पाड्याचा असतो."

"पण ते कोपऱ्यातलं घर तर बंद आहे. कुलूप आहे."

"घर बंद हाय. म्हनून घर नाय असा नाय, बाय."

उत्तर आवडलं मला. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी अक्षयने आणलेल्या बाटलीतलं प्यायले होते, त्यामुळे तहान नव्हती. तांब्या ओट्यावर तसाच राहिला.


३ मे, शनिवार

सापडलं.

दुपारी तक्रारीचा मूळ कागद घेऊन बसले आणि उगाच भिंग लावलं. कल्याणला असताना गँगमन लोकांच्या हजेरीवरचे अंगठे मी असेच तपासायचे. एकाच्या जागी दुसरा अंगठा लावतो तो कुठे फसतो हे मला पाठ आहे. इथे तर फार शोधावंही लागलं नाही. घर एकच्या अंगठ्यावर आडवी तिरकी चीर, विळा लागून बरी झालेली. घर दोनला तीच. घर नऊला तीच. एकतीसच्या एकतीस अंगठे एकाच माणसाचे.

खोटं कशाला बोलू, आनंद झाला. हात अजून चालतो हे पाहून बरं वाटलं. यांना बोलावून दाखवलं. यांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "एकानेच सगळे का लावले असतील?"

"का ते नंतर. लावले हे महत्त्वाचं."

"विचारलंस का पण?"

चौकशीच्या छापील प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता. आणि कुणीतरी गावातलं राजकारण करत असणार, ते मी विचारून मला थोडंच सांगणार? यांना प्रत्येक गोष्टीत उतारूंची बाजू घ्यायची सवय आहे.


५ मे, सोमवार

अहवाल पाठवला. चार पानं. पावडर नियमित टाकली जाते, दप्तर चोख आहे, तक्रारीवरचे सर्व अंगठे एकाच व्यक्तीचे असून तक्रार बनावट आहे. मुदतीच्या आत पाठवला.


२४ मे, शनिवार

अक्षयने करवंदांची टोपली पाठवली. परत करावी म्हणत होते, पण करवंदं परत कशी करायची. अर्धी शेजारी दिली.

फोनवर म्हणाला, ग्रामपंचायतीने माझ्या अहवालावरून खोट्या अंगठ्यांबद्दल अर्ज दिला होता. चौकीत पाड्यावरच्या पाचसहा जणींना बोलावलं तर धोंडूबाई स्वतःहून पुढे झाली, अंगठा पुढे करून म्हणाली, माझाच. जबाब घेईपर्यंत संध्याकाळपर्यंत बसून होती. "लगेच कबूल केलं मॅडम, तुमचं भिंग म्हणजे भिंग आहे."

ती म्हातारी असेल असं वाटलं नव्हतं. तिने कबूल केलं म्हणजे माझं बरोबरच होतं. तरी जेवताना घास फिरत राहिला. उन्हामुळे असेल.


११ जून, बुधवार

काय लिहू? पण लिहिलं पाहिजे, कागदावर आलं नाही तर मी परत काहीतरी पटवून घेईन स्वतःला.

हे आज मुरबाडला जुन्या कंडक्टरच्या घरी गेले होते. त्याची भाची बोंडारपाड्यात दिलेली. मेच्या अखेरीस तिच्या दिराचं लग्न झालं. भिंत सारवली, पीठ कालवलं आणि धोंडूबाई हात उठवायला आलीच नाही. बोलवायला गेले तर म्हणाली, "माझा हात खोटा ठरलाय सरकारात. खोटा हात लग्नाला कसा लावू?" दुसरं कुणी लावेना. भिंत कोरी ठेवून लग्न लागलं. असं पाड्यात कधी झालं नव्हतं म्हणे.

मग यांनी मला सांगितलं, जे मी त्या भिंतीसमोर उभं राहून विचारलं नव्हतं. ते एकतीस हात एकतीस जणांचे नसतात. धवलारीण एकटी उठवते. एकेका घराचं नाव मोठ्याने घ्यायचं, त्या घराने हो म्हणायचं, आणि हिने आपला हात टेकवायचा. तो मग त्या घराचा हात झाला. देवासमोर चालतो, सोयऱ्यांसमोर चालतो. तक्रारीचा कागद केला तेव्हा ग्रामपंचायतीत आपला अंगठा ओळखू येईल, घरकुलाच्या यादीतून नाव जाईल म्हणून सगळी भ्यायली होती. तेव्हा धोंडूबाई म्हणाली, घरांची नावं घ्या, मी टेकवते.

त्यात तिला लपवाछपवी वाटलीच नाही. म्हणून तर चौकीत अंगठा पुढे केला.

सगळे हात एकाच मापाचे, हे मी माझ्या हाताने या वहीत लिहिलं आहे. आत्ता मागचं पान काढून वाचलं.

हे पुढे म्हणाले, "अंगठ्यांना भिंग लावलंस. त्या रजिस्टरला लावलंस का गं?"

चिडले मी. रजिस्टर चोख आहे म्हणून सांगायला फोनमधला फोटोच काढून दाखवला. एक ते तीस, बघा, एकही रकाना मोकळा नाही. यांनी विचारलं, "तू गेलीस कधी?"

अठ्ठावीसला.

एकोणतीस आणि तीस एप्रिलच्या सह्या अठ्ठावीसला सकाळीच झालेल्या होत्या. सगळ्या एकाच शाईत, एका बैठकीत. आणि गोण कालच आली, असं मंगळ्या मला सांगत होता. जना 'आज' येतो म्हणाली होती. मी आठ दिवस आधी तारीख कळवली, म्हणून त्यांना गोण आणायला वेळ मिळाला. पाऊस लागून पंधरा दिवस झाले आहेत.


१२ जून, गुरुवार

दहा वाजता कार्यालय उघडल्या उघडल्या फोन केला. अहवाल मागे घ्यायचा आहे म्हटलं. साहेब अतिशय नम्र. "मॅडम, तुमचा अहवाल तर आम्ही नमुना म्हणून इतर चौकशी करणाऱ्यांना पाठवलाय." स्वीकारलेला अहवाल मागे घेता येत नाही. नवा पुरावा असेल तर नवी तक्रार हवी. मी म्हटलं, मग माझी घ्या. तर चौकशी करणाऱ्याला तक्रारदार होता येत नाही, आणि मी रहिवासीही नाही. दोन्ही नियम मला ठाऊक होते. मीच असते तर हेच सांगितलं असतं, आणि ह्याच आवाजात.

अक्षयला फोन केला, उचलला नाही. कार्यालयाला लेखी पत्र टाकलं, रजिस्टरचा फोटो जोडून.


१४ जून, शनिवार

मंगळ्याचा नंबर मिळवून त्याला विचारलं, विहिरीत पावडर टाकतोस का रोज? म्हणाला, "तुमी आलात तवा ती गोन अर्धी एकाच दिसात वतायला लावली. बाकीची परत नेली. मी काय टाकू, मॅडम?"

तेव्हाच का नाही सांगितलंस म्हणायचं होतं. पण अक्षय छत्री धरून उभा होता ते आठवलं.


१९ जून, गुरुवार

झालं. ज्याची भीती होती तेच झालं. सोमवारपासून पाड्यावर जुलाब-उलट्या सुरू आहेत. अकरा माणसं, त्यात सहा मुलं. मंगळ्याने कळवलं. हे बरोबर येतो म्हणाले, पण मी एकटीच सरकारी दवाखान्यात गेले.

वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन पोरं. खिडकीशी जना बसली होती, मांडीवर मुलगी, हाताला सलाईन. मनस्वी नाव, पाच वर्षांची. डोळे खोल गेलेले, ओठांना चिरा. मी नर्सला विचारलं, बाकी घरात कोण आहे हिच्या? नर्स म्हणाली, हिची थोरली गेल्या पावसात याच दुखण्याने गेली.

सात वर्षांची एक मुलगी. तक्रारीत होती ती. ती जनाची होती. २८ एप्रिलला मी त्या मुलीच्या आईला विहिरीवर गाठून विचारलं होतं, वास येतो ना? आणि तिचं उत्तर तिच्याच विरुद्ध लिहून घेतलं होतं. मुलगी कुणाची गेली, हे विचारावं असं मला पूर्ण दिवसात एकदाही वाटलं नाही.

जनाजवळ गेले, ती सरकून बसली. मला जागा करून दिली. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

धोंडूबाई पलीकडच्या खाटेवर. ओळखलं तिने मला. आवाज इतका बारीक की वाकावं लागलं.

"बाय, भितीवरचे हात तू बगितलेस ना?"

"बघितले."

"मोजलेस पन."

"मोजले."

"मंग?"

तिने चादरीतून हात बाहेर काढला, उजवा, अंगठ्यावर विळ्याची तिरकी खूण. मला वाटलं दाखवायला काढला. तिला फक्त पाणी हवं होतं. मी माझ्या बाटलीतलं चमच्याने पाजलं. अर्धं गळ्यावरून खाली गेलं.

परतीच्या गाडीत रडू आवरलं नाही. शेजारच्या बाईने विचारलं, घरातलं कोणी गेलं का. नाही म्हटलं.


२३ जून, सोमवार

धोंडूबाई पहाटे गेली.


३० जून, सोमवार

माझ्या पत्राला उत्तर आलं. तीन ओळी. सदर प्रकरण नस्तीबद्ध झालेलं असल्याने त्याच विषयावर रहिवाशांची, प्रत्येकाच्या स्वतंत्र अंगठ्यानिशी किंवा सहीनिशी, नवी तक्रार आल्यास विचार करता येईल.

आरोग्याची माणसं पाड्यावर आठ दिवस होती, तेवढे दिवस विहिरीत पावडर पडली. परवा ती गेली. मंगळ्या म्हणतो, गोण त्यांच्याबरोबर गेली, ग्रामपंचायतीची अजून आलेली नाही. रजिस्टरमध्ये मात्र सह्या करून घेतल्या आहेत त्याच्याकडून, जुलै अखेरपर्यंत.

मनस्वी वाचली. बुधवारी तिला घरी सोडणार. डॉक्टरांनी जनाला सांगितलं आहे, पाणी उकळून द्या. पावसात ओल्या लाकडांवर किती हंडे उकळणार ती. घरी सोडणार म्हणजे त्याच विहिरीवर सोडणार. थोरलीही गेल्या वर्षी एकदा बरी होऊन घरी आली होती, मग परत लागलं आणि गेली. हे मला नर्सने सांगितलं.

झोप नाही. जेवण नाही. हे ताट झाकून ठेवतात.


२ जुलै, बुधवार

आज पाड्यावर गेले. कोरे कागद, शाईचं पॅड, चाचणीची नळी, सगळं घेऊन. विहिरीच्या पाण्यात थेंब टाकले, रंग आला नाही. पाणी जसंच्या तसं राहिलं.

घरोघर फिरले. एकाही घराने अंगठा दिला नाही. कुणी वाईट बोललं नाही. बसायला दिलं, चहा दिला. मी प्यायले. पण कागद काढला की बाई उठून आत जायची. एका म्हाताऱ्याने तेवढं स्पष्ट सांगितलं, "तिनं दिला अंगठा, तर चौकीत बसवलीत. आमी देतो, मंग आमाला कुटं बसवशाल?"

शेवटी जनाच्या ओट्यावर येऊन टेकले. मनस्वी दुपारीच घरी आली होती, आत गोधडीत झोपली होती. मी जनाला सगळं सांगितलं. रजिस्टरचं, आठ दिवस आधी कळवल्याचं, भिंगाचं. माफी मागितली. ती ऐकत होती की नाही कोण जाणे, तांदूळ निवडत होती.

म्हटलं, "जना, एक तरी अंगठा दे. तुझा. एक असला तरी मी लढते."

"धवलारीन नाय आता पाड्याला."

"तुझा स्वतःचा दे."

"माझा एकटीचा काय व्हतो? थोरलीच्या टायमाला दिला मी एकटीनं. गेला कुटं तो कागद, कोनाला म्हायती." ती पुढे म्हणाली, "अंगठा द्यायला भीत नाय मी. पाड्याचा व्हाया पायजे. तो उठवनारा हात आता नाय."

मी तिथेच बसून राहिले. समोर ते लग्नघर होतं. एप्रिलमधले हात पावसाच्या झडीने पुसट झाले होते, तरी दिसत होते. मग मी विचारलं. विचारायचा मला हक्क नव्हता, तरी विचारलं.

"माझा चालेल का?"

जनाने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. "तुमाला काय व्हईल त्याचा?"

"जे तिला झालं तेच होईल."

ती उठून गेली. मला वाटलं, संपलं. अर्ध्या तासाने परत आली तर मागून माणसं यायला लागली. बायका, पुरुष, चहा देणारी, कागद पाहून आत गेलेली. ओट्याभोवती पागोळ्यांखाली उभी राहिली. तो म्हाताराही होता. जनाने कागद पाटावर ठेवला, वर पाणी पडू नये म्हणून पदर धरला आणि पहिल्या घराचं नाव घेतलं, मोठ्याने. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "हां." मी अंगठा पॅडवर दाबला आणि टेकवला.

दुसरं घर. "हां."

मंगळ्याच्या घराचं नाव आलं तेव्हा जना थांबली. नोकरी जाईल त्याची. तो मागे भिंतीला धरून उभा होता. म्हणाला, "हां."

घरांची नावं कागदावर लिहिली नाहीत. घर एक, घर दोन, एवढंच. मनस्वीच्या घराचा ठसा फिसकटला. परत लावू का विचारलं. जना म्हणाली, नको, एकदा लागला तो लागला.

कोपऱ्यातलं बंद घर धरून तीस झाले. मी पॅड मिटायला लागले तर तिने माझं मनगट धरलं.

"धोंडूबाईचा घर," ती म्हणाली, मोठ्याने.

आता त्या घरालाही कुलूप आहे. माणूस नाही, मागे कुणी नाही. पाऊस तेवढा वाजत होता. मग सगळेच एकदम म्हणाले, "हां." मी अंगठा टेकवला.


३ जुलै, गुरुवार

यांनी कागद वाचला, सावकाश, चष्मा लावून. म्हणाले, "हा गुन्हा आहे, माहीत आहे ना तुला? तूच लिहिलंयस अहवालात."

माहीत आहे. हेही माहीत आहे की कागदावर एकदा आवक क्रमांक पडला की पंधरा दिवसांत चौकशी लावावीच लागते. माझ्या अंगठ्यांची चौकशी करायला का होईना, दुसऱ्या कुणाला तरी पाड्यावर जावं लागेल. चौथ्या पानावर मी सगळं लिहिलं आहे, माझ्या चुका क्रमाने, आणि शेवटी एक विनंती: येताना आधी कळवू नका.

ते उपयोगी पडेल का? मला वाटत नाही. माझ्यासारखंच कोणीतरी येईल, भिंग घेऊन. पंधरा दिवस म्हणजे जुलैचा मध्य, आणि मनस्वी रोज ते पाणी पिते आहे. पण माझ्याकडे दुसरं काहीही उरलेलं नाही.

यांनी एसटीच्या काळातली आपली छत्री काढून दाराशी ठेवली. "उद्या मी येतो बरोबर. आत येत नाही. बाहेर थांबतो."


४ जुलै, शुक्रवार

अकरा वाजता खिडकीवर कागद दिला. आत नवा कारकून होता, तरुण, काळजीपूर्वक काम करणारा. मला आवडला असता. त्याने पानं उलटली, अंगठ्यांच्या पानावर थांबला, पान उजेडाकडे तिरकं धरलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवलेल्या माझ्या डाव्या हाताकडे. शाई दोन दिवसांत गेली नव्हती. मी घासलीही नव्हती.

"बाई, हे सगळे अंगठे एकाच माणसाचे दिसतात."

"हो," मी म्हटलं, "माझे आहेत. एकतीस आहेत, मोजून घ्या आणि शिक्का मारा."

त्याने खरंच मोजले, पेनाच्या टोकाने, एक एक करून. मी उभी राहिले.